वरुण नव्हे, पाऊस : ऊरानोस या नावाचं खरं नातं

‘युरेनस म्हणजे आपला वरुणच; ग्रीकांनी नाव घेतलं आणि उच्चार बिघडवला’ हे विधान मराठीत पुन्हा पुन्हा नव्याने फिरू लागतं. त्याच्या मागोमाग ठरलेलं उत्तरही येतं : देवांच्या नावांतली साम्यं हा सगळा कल्पनाविलास आहे, संस्कृत आणि ग्रीक यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मग दोन्ही बाजू एकमेकींच्या हेतूंवर बोलत राहतात आणि मूळ नाव बाजूलाच पडतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ग्रीक ऊरानोस (युरेनसचं मूळ ग्रीक नाव) आणि वैदिक वरुण ही एका नावाची दोन रूपं नाहीत. ग्रीकांचा देवराज झेउस आणि वैदिक आकाशदेव द्यौ मात्र आहेत. हे दोन्ही निकाल एकाच कसोटीने लागतात, त्यामुळे दुसरा निकाल आवडला म्हणून स्वीकारायचा आणि पहिला नावडला म्हणून फेटाळायचा, अशी सोय कुणालाच नाही. ऊरानोसचं खरं नातं आपल्या बोलण्यातल्या ज्या शब्दाशी आहे, त्याच्याकडे या वादात कुणी पाहतही नाही. तो शब्द आहे ‘पाऊस’.

आधी एक उदाहरण घेऊ, कारण कानाला जाणवणारं साम्य किती फसवू शकतं हे त्यात लगेच दिसतं. आपल्या पंचांगांत युरेनस या ग्रहाला ‘हर्षल’ म्हणतात. हर्षल हे मराठी मुलांचं नावही आहे आणि ‘हर्ष’ या संस्कृत शब्दाशी त्याचं नातं कुणालाही सहज पटेल. पण ग्रहाला ते नाव मिळालं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदावरून. त्याने मार्च १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे हा ग्रह शोधला. हर्शेल हे आडनाव हरणासाठीच्या ‘हिर्श’ या जर्मन शब्दावरून आलेलं आहे. इतिहासाची नोंद हाताशी नसती, तर पाचशे वर्षांनंतर एखाद्याने ‘हा ग्रह भारतीयांनीच शोधला, नावच पाहा’ असं लिहिलं असतं. ते खोडायला कानाचं साम्य उपयोगी पडलं असतं का?

ग्रहाचं नाव युरेनस कसं झालं तेही पाहायला हवं, कारण वादाचा पहिला घोटाळा इथेच होतो. हर्शेलने ग्रहाला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं होतं. ते इंग्लंडबाहेर फारसं रुजलं नाही. जर्मन ज्योतिर्विद योहान बोडे याने सुचवलं की, गुरूच्या पलीकडे त्याचा बाप शनी आहे, तर शनीच्या पलीकडे शनीचा बाप असावा. ग्रीक कथेत झेउसचा (म्हणजे गुरूचा) बाप क्रोनोस (म्हणजे शनी) आणि क्रोनोसचा बाप ऊरानोस. इतर ग्रहांची नावं रोमन असताना हे एकच ग्रीक नाव लॅटिन शेपूट लावून पुढे आलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोटने १७८९ मध्ये युरेनियम या मूलद्रव्याचं नाव त्यावरूनच ठेवलं. म्हणजे ‘युरेनस’ हा उच्चार ग्रीक शब्दाच्या लॅटिन लेखनाचं इंग्रजी वाचन आहे. त्याची वरुणाशी तुलना करणं म्हणजे तिसऱ्या हाताची नक्कल पुढ्यात ठेवून मूळ सहीबद्दल वाद घालणं. हिंदीत याच ग्रहाला अरुण म्हणतात आणि वरुण हे नाव नेपच्यूनला दिलेलं आहे, कारण नेपच्यून रोमन समुद्रदेव आणि वरुण आपल्याकडे पुढच्या काळात जलदेव. अर्थाच्या दृष्टीने ती निवड बरोबरच होती.

आता मूळ शब्द. अथेन्सच्या बोलीत तो ऊरानोस आहे. साधा अर्थ ‘आकाश’, आणि त्याच नावाचा आदिदेव. डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीत हाच शब्द दीर्घ ‘ओ’ने सुरू होतो : ओरानोस. कवयित्री सॅफो ज्या लेस्बोस बेटाची, तिथल्या बोलीतही सुरुवातीला ‘ओ’च आहे. बोलींमधला असा फरक अंदाधुंद नसतो. ग्रीकमध्ये एखादं व्यंजन गळलं की आधीचा स्वर त्याची भरपाई म्हणून लांबतो; अथेन्सच्या बोलीत हा लांबलेला ‘ओ’ पुढे ‘ऊ’कडे सरकला, डोरिकमध्ये तो ‘ओ’च राहिला. म्हणून ‘ऊ’ आणि ‘ओ’ या जोडीवरून कळतं की इथे पूर्वी ‘र’ला लागून आणखी एक व्यंजन होतं. ते व्यंजन ‘स’ आणि शब्दाच्या आरंभी ‘व’, असं धरलं की मूळ रूप ‘वोर्सानोस’सारखं मिळतं. त्यातला ‘वेर्स’ किंवा ‘वोर्स’ हा धातू आपल्याला अनोळखी नाही : तो संस्कृतातला वृष्, वर्षति. संस्कृतात ‘र’नंतरचा ‘स’ मूर्धन्य (जीभ मागे वळवून उच्चारलेला) होऊन ‘ष’ होतो, एवढाच फरक. ग्रीकमध्येच या धातूची आणखी अपत्यं आहेत : दवासाठीचा ‘हेर्से’ हा शब्द आणि मूत्रविसर्जनासाठीचं क्रियापद. तेव्हा ऊरानोस म्हणजे ‘वर्षाव करणारा, भिजवणारा’. या शब्दाचं नातं उंचीसाठीच्या ‘वर्ष्मन्’ या संस्कृत शब्दाशी लावणारं मतही आहे, पण पावसाकडे नेणारी व्युत्पत्ती आज अधिक मान्य आहे. आणि ही दोन्ही मतं ‘र’नंतर ‘स’ होता हे गृहीत धरतात. वरुणात तो ‘स’ कुठेच नाही.

याच वृष् धातूला ‘प्र’ लागून संस्कृतात ‘प्रावृष्’ झाला, म्हणजे पावसाळा. प्राकृतात जोडाक्षरातला ‘र’ गेला, ‘व’ गळला, ‘ऋ’चा ‘उ’ झाला, ‘ष’चा ‘स’ झाला : पाउस. तोच मराठीत पाऊस. ‘ऊरानोस’ आणि ‘पाऊस’ कानाला एकमेकांचे कुणीही वाटत नाहीत. तरीही नातं इथे आहे, आणि ‘वरुण’शी नाही. असं का म्हणायचं, हाच सगळ्या वादाचा गाभा आहे.

तुलनात्मक भाषाशास्त्र साम्य मोजत नाही, ते नियमितपणा मोजतं. एक उदाहरण पुरेसं आहे. गाय-बैलासाठी ग्रीक शब्द ‘बोउस’, संस्कृत ‘गो’. एकही व्यंजन जुळत नाही. पण ‘जड’ या अर्थी ग्रीक ‘बारुस’ आणि संस्कृत ‘गुरु’, ‘जाणे’ या अर्थी ग्रीक ‘बाइनो’ आणि संस्कृत ‘गम्’ हेही बघा. प्रत्येक जोडीत ग्रीक ‘ब’समोर संस्कृत ‘ग’ उभा आहे. म्हणजे मूळ ध्वनी या दोघांपेक्षा वेगळा, ओठ गोल करून उच्चारलेला ‘ग्व’ असा होता. ग्रीकने त्यातला ओठांचा भाग ठेवला, संस्कृतने कंठाचा. हे कागदावरचं अनुमान होतं. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये सर्वांत जुन्या ग्रीकची लिनिअर बी लिपी उलगडली, तेव्हा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या मातीच्या पाट्यांवर गुराख्यासाठीचा शब्द सापडला आणि त्यात ‘ब’ नव्हता. त्या जुन्या ध्वनीसाठी वेगळी चिन्हमालिकाच होती. जे शास्त्र जमिनीतून अजून न निघालेल्या पाटीवर काय लिहिलेलं असेल ते आधी सांगू शकतं, त्याला ‘अंदाजपंचे’ म्हणणं न्याय्य आहे का?

या कसोटीवर झेउस घ्या. कर्त्याच्या रूपात, म्हणजे प्रथमेत, झेउस आणि द्यौः फार जवळचे वाटत नाहीत. पण देवाचं नाव तपासताना नुसती प्रथमा घेऊन भागत नाही, विभक्त्या लावून पाहाव्या लागतात. षष्ठीत ग्रीक ‘दिओस’, त्याहून जुनं ‘दिवोस’, संस्कृत ‘दिवः’. द्वितीयेत होमरकडे ‘झेन’, वेदात ‘द्याम्’, आणि लॅटिनमध्ये दिवसाच्या अर्थाने ‘दिएम’. संबोधनात ग्रीक ‘झेउ पातेर’, वेदात ‘द्यौष्पितः’, आणि लॅटिनमध्ये हेच संबोधन गोठून एकच नाव झालं : यूपितेर, म्हणजे ज्युपिटर. ‘द्य’चा ग्रीकमध्ये ‘झ’ होतो. एकाच शब्दात प्रथमेत ‘द्यौ’ आणि षष्ठीत ‘दिव्’ असा अंतर्गत बदल दोन्ही भाषांनी जसाच्या तसा जपला आहे, आणि तीन भाषांनी त्याच्यापुढे ‘पिता’ हाच शब्द ठेवला आहे. एवढं सगळं योगायोगाने जुळेल? दिवोसमधला ‘व’ अभिजात ग्रीकमध्ये गळला होता, पण तो असणार हे तुलनेवरून ठरलेलं होतं. ग्रीसमधलं पिलोस आणि क्रीट बेटावरचं क्नोसोस इथल्या लिनिअर बी पाट्यांवर या देवाची चतुर्थी ‘दिवे’ अशी ‘व’सकट लिहिलेली मिळाली. आपला ‘दिवस’ याच धातूचा. ‘आज’ही त्याचाच : अद्य म्हणजे ‘या दिवशी’, त्यातला ‘द्य’ म्हणजे हाच द्यौ. ‘आज पाऊस पडेल’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या छोट्या वाक्यात झेउसचा एक भाऊबंद असतो आणि ऊरानोसचा एक.

आता विरोधी बाजूचे मुद्दे, आणि ते कमकुवत नाहीत. पहिला मुद्दा अर्थाचा. ऋग्वेदातला वरुण नुसता पाण्याचा देव नाही. तो सम्राट आहे, त्याचे हेर सगळं पाहतात, त्याच्या हाती पाश आहेत. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यातला ऊरानोसही पहिला राजा आहे आणि तोही आपल्या मुलांना जखडून ठेवतो. फ्रेंच विद्वान जॉर्ज ड्युमेझिल याने १९३४ मध्ये या जोडीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते याच साम्यांमुळे. दुसरा मुद्दा पुराव्याचा. अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) हित्तींचा राजा सुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितान्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यातल्या ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातल्या तहात मित्र, इंद्र, नासत्य यांच्यासोबत वरुणही साक्षीला आहे, आणि त्याचं नाव ‘उरुवन’ असं लिहिलं आहे. उरुवन आणि ऊरानोस! ग्रीकांच्या शेजारच्या अनातोलियातच हे लिहिलेलं. मग उसनवारीची शक्यता का नाकारायची?

उरुवनचा पुरावा खरा आहे, पण तो काय दाखवतो ते नीट पाहू. तह ज्या कीलाकार (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीत आहे, तिच्यात एकेक चिन्ह एका पूर्ण अक्षराचं असतं. परक्या नावातला आरंभीचा ‘व’ आणि जोडध्वनी तिला ओढूनताणून लिहावे लागतात. तहाच्या दुसऱ्या प्रतीत तेच नाव ‘अरुन’ असं आहे, म्हणजे लेखनिकांचंही एकमत नव्हतं. उलट बाजूने, ऊरानोसमधला ‘ऊ’ हा अथेन्सच्या बोलीत फार पुढे तयार झालेला ध्वनी. तहाच्या काळात ग्रीकमध्ये तो नव्हताच. डोरिकमध्ये तर तो नंतरही नाही. जो ध्वनी दोघांना जोडतो असं वाटतं, तोच त्या काळी एका बाजूला अस्तित्वात नव्हता. शिवाय उरतो शब्दाचा उत्तरार्ध. संस्कृत ‘उ’समोर ग्रीकमध्ये ‘उ’च येतो : युग आणि झुगोन, रुधिर आणि एरुथ्रोस. वरुणातला ‘उ’ ग्रीकमध्ये ‘आ’ झाला असं म्हणायचं, तर तसं घडलेली दुसरी जोडी दाखवायला हवी. ती नाही. एका शब्दात आरंभ, मध्य आणि प्रत्यय अशा तीन ठिकाणी सूट मागावी लागत असेल, तर उरतं काय?

अर्थाच्या साम्याचं उत्तर आणखी रंजक आहे. नाव आणि कथा एकाच ठिकाणाहून येतात असं आपण नकळत धरून चालतो. ऊरानोसच्या बाबतीत तसं नाही. क्रोनोसने विळ्याने बापाचं पौरुष छाटलं आणि सत्ता घेतली, पुढे झेउसने क्रोनोसला हटवलं, ही हेसिओडची कथा. हित्तींची राजधानी हत्तुसा, म्हणजे आजचं बोगाझकाले (पूर्वीचं बोगाझक्योय), इथल्या पाट्यांवर त्याहून कितीतरी जुनी कथा आहे : आकाशदेव अनू राजा असतो, कुमारबी त्याचं पौरुष चावून तोडतो, आणि पुढे वादळदेव तेशुब कुमारबीला हटवतो. क्रम तोच, कृत्य तेच, आकाशदेवाची जागा तीच. म्हणजे ग्रीकांनी आपल्या भाषेतल्या ‘आकाश’ या साध्या नामाला पश्चिम आशियातून आलेल्या कथेतलं पात्र बनवलं. वरुणाच्या वेदातल्या वर्णनात असं काहीच नाही. त्याला कुणी छाटत नाही, त्याचा मुलगा त्याला पदच्युत करत नाही. ज्या संग्रहाने वरुणाचं नाव जपलं, त्याच संग्रहाने ऊरानोसच्या कथेचं मूळ वेगळं असल्याचं दाखवलं आहे. उरलं सम्राटपण आणि बांधून ठेवणं. ही सर्वोच्च देवाची लक्षणं जगभर आढळतात. तेवढ्यावर नावाचं नातं कसं उभं राहणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो : देवांची नावं साध्या शब्दांसारखी नियमाने चालत नाहीत. ती घाबरून बदलली जातात, उसनी घेतली जातात, लोक त्यांना आपल्या परीने अर्थ लावून वळवतात. हे अगदी खरं आहे, आणि त्याचे साक्षीदार खुद्द प्राचीन लोकच आहेत. हेसिओड सांगतो की टायटन हे नाव ऊरानोसने आपल्या मुलांना रागाने दिलं, कारण त्यांनी ‘ताणून’ दुष्कृत्य केलं. आणि अफ्रोदिते फेसातून जन्मली, कारण फेसाला ‘अफ्रोस’ म्हणतात. प्लेटोच्या ‘क्रातिलोस’ या संवादात सॉक्रेटिस झेउसच्या ‘दिआ’ आणि ‘झेना’ या दोन रूपांतून ‘ज्याच्यामुळे जगणं आहे तो’ असा अर्थ काढतो आणि ऊरानोसचा संबंध ‘वर पाहणं’ याच्याशी लावतो. आपल्याकडे यास्काचार्य निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, ‘वरुणो वृणोतीति सतः’ म्हणतात, झाकतो तो वरुण. यास्कांनी आपला उद्देश लपवलेला नाही : ‘अर्थनित्यः परीक्षेत’, अर्थ पक्का धरून परीक्षा करावी, आणि ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, निर्वचन केल्याशिवाय राहू नये. मंत्राचा अर्थ लावणाऱ्यासाठी ही योग्य शिस्त आहे. पण शब्द ऐतिहासिकदृष्ट्या कुठून आला हा प्रश्न वेगळा. तिथे ‘निर्वचन करता येत नाही’ असं म्हणण्याची मुभा असलीच पाहिजे. नावं विकृत होतात हे मान्य केलं, तर त्यातून निष्पन्न होतं ते एवढंच की अशा नावाचं मूळ सिद्ध करता येणार नाही. विकृती झाली असेल म्हणून माझंच समीकरण खरं, हे त्यातून निघत नाही. तसं निघत असतं तर कुठलंही नाव कुठल्याही नावाशी जोडता आलं असतं.

एकाच माणसाने दोन्ही पद्धती वापरल्याचं उदाहरण इतिहासात आहे. कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८४ मध्ये ग्रीस, इटली आणि भारत इथल्या देवांवर निबंध लिहिला आणि रोमन देव जेनसची सांगड गणेशाशी घातली. सुरुवातीला स्मरण, प्रारंभाचा देव, नावाचा थोडा नाद. त्याला ते पुरेसं वाटलं. आज ते समीकरण कुणी मानत नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात त्याच जोन्सने क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपं यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. हे विधान टिकलं. माणूस तोच, बुद्धी तीच, मधे दोन वर्षं. फरक पडला तो पुरावा कशाला म्हणायचं यात.

‘समान उगम’ हे शब्द अनेकांना खुपतात. संस्कृत हीच जननी का नको? याचं उत्तर संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाच्या पाठांतरात आहे. कृ धातूचं परोक्षभूतकाळाचं रूप ‘चकार’. धातूच्या आरंभीचा ‘क’ दुहेरी होताना ‘च’ का झाला? गम्‌चं ‘जगाम’ होताना ‘ग’चा ‘ज’ का? पाणिनी नियम अचूक देतो. कारण मात्र ग्रीकशी ताडून पाहिल्यावर दिसतं. ग्रीकमध्ये अशाच रूपात, उदाहरणार्थ ‘लेलोइपा’ (मी सोडलं आहे) यामध्ये, पहिल्या अक्षरात ‘ए’ आहे आणि दुसऱ्यात ‘ओ’. ‘ए’सारख्या तालव्य (टाळूजवळ उच्चारलेल्या) स्वराआधी ‘क’चा ‘च’ होणं जगभरच्या भाषांत घडतं. म्हणजे ‘चकार’च्या पहिल्या अक्षरात एके काळी ‘ए’ होता, त्याने ‘क’ला ‘च’ केलं, आणि नंतर ‘ए’ आणि ‘ओ’ दोघेही संस्कृतात ‘अ’मध्ये मिसळले. ग्रीकने ते स्वर वेगळे ठेवले. मूळ भाषेत जे होतं त्यातलं काही संस्कृतने जपलं आणि काही ग्रीकने, असं असेल तर कुणीच कुणाची आई नाही. त्या बहिणी आहेत. यात संस्कृतचा कमीपणा काय? व्यंजनांच्या आणि विभक्तींच्या बाबतीत संस्कृतनेच ग्रीकपेक्षा कितीतरी अधिक सांभाळलं आहे. आणि बोलणारी माणसं कुठून कुठे गेली, हे यावरून ठरत नाही. तो प्रश्न उत्खननाचा आणि जनुकशास्त्राचा आहे. भाषेच्या नात्यावर तो लादू नये.

जे दुसऱ्या टोकाला जाऊन हे सगळं नातंच वसाहतवाद्यांनी रचलं म्हणतात, त्यांनी गोव्याकडे पाहावं. ब्रिटिश सत्ता येण्याच्या कितीतरी आधी, १५८३ मध्ये, पुढे ज्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं त्या फादर स्टीफन्स यांनी गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळणारी असल्याचं नोंदवलं. त्याच दशकात फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती याने कोचीन आणि गोव्याहून लिहिताना देव, सर्प, सप्त, अष्ट, नव यांच्या इटालियन जोड्या टिपल्या. त्यांना साम्राज्य उभारायचं नव्हतं. कानावर पडलेलं त्यांनी लिहिलं. पुढे १८७७ मध्ये मुंबईत रा. गो. भांडारकरांनी भाषाशास्त्रावर विल्सन व्याख्यानं दिली, ती पाणिनी आणि युरोपीय ध्वनिनियम दोन्ही हाताशी ठेवून. हे ज्ञान बाहेरून लादलेलं नाही; ते घडवण्यात आपली माणसं होती. त्याची ताकदही तपासून झालेली आहे. स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूरने १८७९ मध्ये निव्वळ स्वरांच्या गणितावरून म्हटलं की मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे कुठल्याच ज्ञात भाषेत उरलेले नाहीत. हित्ती भाषा वाचता आल्यावर १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविचने दाखवलं की त्यांपैकी काही जागांवर हित्तीत ‘ह’सारखा ध्वनी प्रत्यक्ष लिहिलेला आहे.

दिसण्यावर जाऊ नये याची उलटी बाजूही आहे. ग्रीक ‘थेओस’ आणि आपला ‘देव’, दोघांचा अर्थ देवच आणि उच्चारही जवळचे, तरी त्यांचं नातं नाही. ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ येतो, ‘द’ नाही. लॅटिन ‘देउस’ मात्र देवाचा सख्खा. केर्बेरोस या पाताळाच्या कुत्र्याचं नाव यमाच्या कुत्र्यांशी जोडताना कधी ‘शबल’ घेतात, कधी ‘कर्बर’. शबलमध्ये आरंभीचा ‘श’ ग्रीक ‘क’शी नियमाने जुळतो, पण ‘र’ नाही. कर्बरमध्ये ‘र’ आहे, तर आरंभ जुळत नाही, कारण ‘ए’आधी संस्कृतात ‘च’ यायला हवा होता. दोन वेगळ्या शब्दांतले सोयीचे तुकडे जोडून एक पुरावा होत नाही. केंताउरोस (अर्धा माणूस, अर्धा घोडा) आणि गंधर्व ही जोडी आरंभीच्या ‘क’-‘ग’ आणि मधल्या ‘त’-‘ध’ अशा दोन ठिकाणी नियमात बसत नाही. ग्रीक देवांचा दूत हेर्मेस आणि यमाच्या कुत्र्यांसाठीचा शब्द सारमेय ही एकोणिसाव्या शतकातली लाडकी जोडी लिनिअर बी पाट्यांवर त्या देवाचं जुनं रूप हेर्माहासच्या जवळपासचं निघाल्यावर मागे पडली. अथेना, अफ्रोदिते यांच्या नावांना तर ग्रीकमध्येही खात्रीचं मूळ नाही. ग्रीक येण्याआधी त्या भूमीत बोलल्या जाणाऱ्या भाषांतून अशी अनेक नावं राहिली असावीत.

आणि काही नावं खरोखरच अधांतरी आहेत. त्यांच्याबद्दल तसंच सांगायला हवं. प्रोमेथेउस घ्या, स्वर्गातून अग्नी चोरून आणणारा. जर्मन विद्वान आडालबेर्ट कून याने १८५९ मध्ये हे नाव ‘प्रमंथ’ म्हणजे अग्निमंथनाच्या काठीशी जोडलं. ते फार गाजलं आणि आजही आपल्याकडे त्याच रूपात सांगितलं जातं. योहाना नार्टेन हिने १९६० मध्ये वेदातली सगळी रूपं तपासून दाखवलं की ‘मंथ्’ म्हणजे घुसळणं आणि ‘मथ्’ म्हणजे हिसकावणं हे मुळात दोन वेगळे धातू आहेत. नंतर ते एकमेकांत मिसळले. अग्नी आणि सोम यांच्या ऋग्वेदातल्या सूक्तात (१.९३.६) एकाला, म्हणजे अग्नीला, मातरिश्वा स्वर्गातून आणतो आणि दुसऱ्याला, म्हणजे सोमाला, श्येन पक्षी पर्वतावरून ‘अमथ्नात्’, हिसकावून नेतो. मग प्रोमेथेउसचं नातं घुसळण्याच्या काठीशी नसून ‘प्रमाथ’, म्हणजे हिसकावणं, याच्याशी असेल. अग्नीची चोरी हीच त्याची ओळख असल्याने अर्थ चपखल बसतो. अडचण स्वराची आहे. डोरिक बोलीतल्या ‘प्रोमाथेउस’मध्ये मधला ‘आ’ मुळातूनच दीर्घ दिसतो. ‘प्रमाथ’मधला ‘आ’ मात्र घञ् या संस्कृत प्रत्ययामुळे झालेली वृद्धी, म्हणजे स्वराचं लांबणं, आहे, धातू ‘मथ्’ ह्रस्वच. ग्रीकांनी स्वतः हे नाव ‘आधी विचार करणारा’ असं वाचलं आणि त्याला ‘नंतर विचार करणारा’ एपिमेथेउस हा भाऊ दिला. पण भावाचं नाव या अर्थावरून बेतलेलं असण्याचीच शक्यता अधिक, त्यामुळे त्याची साक्ष धरता येत नाही. तो दीर्घ ‘आ’ ग्रीकमध्ये कसा आला हे दुसऱ्या एखाद्या जोडीने समजावता आलं, तर प्रोमेथेउस झेउसच्या रांगेत जाऊन बसेल. तोवर त्याला वरुणाच्या रांगेतही ढकलू नये.